कण मोजतात म्हणजे नेमकं काय करतात? सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या पट्ट्यात मराठी शाळेतून एसएसएलसी (दहावी) झालेली मुलं पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घेतात आणि एकदम इंग्रजीत जातात. क्वांटमची प्रकरणं दुसऱ्या वर्षाच्या शेवटी येतात. तोवर सीईटी-नीटची घाई लागलेली असते, त्यामुळे सूत्रं पाठ होतात आणि प्रश्न तसेच राहतात. त्यातले जे माझ्याकडे पुन्हा पुन्हा आले, ते इथं घेतले आहेत. बहुतेक सगळे फिरून एकाच जागी येतात: ‘मोजलं’ म्हणजे काय घडलं?

इलेक्ट्रॉन आजवर कुणी पाहिला आहे का?

डोळ्यांनी कुणीच नाही. आपण पाहतो ती त्यानं दुसऱ्या पदार्थात केलेली उलथापालथ. सी. टी. आर. विल्सन यांना १९११ मध्ये क्लाउड चेंबरमध्ये (वाफेनं भरलेल्या बंद पेटीत) कणांच्या वाटा पहिल्यांदा दिसल्या, त्या पाण्याच्या थेंबांच्या रेषा होत्या. त्यातल्या एकेका थेंबात अब्जावधी रेणू असतात. कणानं वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवले, एवढंच. बाकीचं काम वाफेनं केलं, कारण ती थेंब व्हायला टेकलेलीच होती.

त्यानंतरची उपकरणंही याच युक्तीवर चालतात. गायगर-म्युलर काउंटरमध्ये (१९२८) नळीतल्या वायूवर काही शे व्होल्टचा दाब असतो. एक इलेक्ट्रॉन सुटला की तो पुढचे सोडवतो, ते त्यांच्या पुढचे, आणि क्षणात प्रवाहाचा झटका येऊन ‘टक्’ असा आवाज होतो. फोटोमल्टिप्लायर नळीत एका फोटॉननं (प्रकाशाच्या एका कणानं) सुटलेल्या एका इलेक्ट्रॉनाचे शेवटी दहा लाखांवर इलेक्ट्रॉन होतात. छायाचित्राच्या काचेवर चांदीच्या क्षाराचा एक कण काळा पडतो. देवेंद्रमोहन बोस आणि विभा चौधुरी यांनी दार्जिलिंगच्या डोंगरावर अशाच काचा ठेवून वैश्विक किरणांचा (अवकाशातून येणाऱ्या कणांचा) अभ्यास केला.

म्हणजे प्रत्येक ठिकाणी काठावर आणून ठेवलेला पदार्थ असतो, एक कण त्याला ढकलतो, आणि झालेला बदल इतका मोठा होतो की तो परत फिरवता येत नाही. ‘परत फिरवता येत नाही’ हे शब्द लक्षात ठेवा. पुढची बरीच उत्तरं त्यांच्यावर उभी आहेत.

फोटॉन मोजला की तो संपतो ना?

बहुतेक उपकरणांत संपतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही तो सिलिकॉनमध्ये शोषला जातो आणि मागं इलेक्ट्रॉन उरतो. पण संपायलाच हवा असं नाही. पॅरिसमध्ये सर्ज हारोश यांच्या गटानं नायोबियमचा मुलामा दिलेल्या दोन अतिवाहक आरशांमध्ये सूक्ष्मतरंगाचा (मायक्रोवेव्हचा) एक फोटॉन सेकंदाच्या सुमारे आठव्या हिश्शाइतका वेळ कोंडून धरला. तेवढ्या वेळात तो पृथ्वीच्या परिघाएवढं, म्हणजे ४०,००० किलोमीटरच्या आसपास, अंतर या आरशावरून त्या आरशावर कापतो. मधून रुबिडियमचे अणू एकामागून एक सोडले. फोटॉन आत असेल तर अणूच्या अवस्थेत किंचित फरक पडायचा, आणि फोटॉन शाबूत राहायचा. २००७ मध्ये ही मोजणी प्रसिद्ध झाली. हारोश आणि डेव्हिड वाइनलँड यांना २०१२ चं नोबेल मिळालं.

मोजण्याआधी कणाकडे उत्तर असतंच ना? आपल्याला फक्त ते माहीत नसतं, एवढंच.

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि पाठ्यपुस्तकं नेमकी इथंच घाई करतात. त्यामुळे मी जरा सावकाश जातो.

१९२२ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला ऑटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी भट्टीत चांदी तापवली आणि तिच्या अणूंचा बारीक झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. प्रत्येक अणू म्हणजे एक छोटं चुंबक. ही चुंबकं कुठल्याही दिशेला तोंड करून असतील तर समोरच्या काचेवर एक पसरट पट्टा यायला हवा होता. आले दोन वेगळे पट्टे. वर किंवा खाली, मधलं काही नाही. इलेक्ट्रॉनच्या स्पिनची (त्याच्या अंगभूत, छोट्या चुंबकासारख्या गुणाची) कल्पना १९२५ मध्ये मांडली गेली, तेव्हा कुठं या दोन पट्ट्यांचा अर्थ लागला.

आता एक मालिका लावू. पहिल्या चुंबकातून ‘वर’ गेलेलेच अणू घ्या आणि तसंच दुसरं चुंबक लावा. सगळे पुन्हा ‘वर’ जातात. म्हणजे मोजमाप विश्वासू आहे, लगेच विचारलं तर तेच उत्तर मिळतं. आता दुसरं चुंबक आडवं करा, म्हणजे प्रश्न ‘डावा की उजवा’ असा झाला. निम्मे डावीकडे जातात, निम्मे उजवीकडे. त्यातले फक्त उजवे घ्या आणि तिसरं चुंबक पुन्हा उभं लावा.

अणूंकडे दोन्ही उत्तरं आधीपासून लिहिलेली असती, तर हे सगळे ‘वर’ आणि ‘उजवे’ ठरलेलेच होते, त्यामुळे तिसऱ्या चुंबकात ते वरच जायला हवेत. तसं होत नाही. निम्मे खाली जातात. आडवा प्रश्न विचारल्याबरोबर उभ्या प्रश्नाचं आधीचं उत्तर टिकलं नाही.

इथं पुष्कळ जण म्हणतात, “मग आडव्या चुंबकानं अणूला हलवलं असेल, सर.” म्हणून मालिकेची पुढची पायरी सांगतो. डावा आणि उजवा झोत कुठंही न अडवता, कुठलीही नोंद न होऊ देता, काळजीपूर्वक पुन्हा एक केला, तर सगळे अणू परत ‘वर’ असतात. चुंबकं तीच, ढकलणं तेच, तरी आधीचं उत्तर शाबूत. या जातीचा प्रयोग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूट्रॉन वापरून झाला आहे. फरक पडला तो नोंद होण्यानं. कण कोणत्या वाटेनं गेला याची खूण कुठंतरी उरली तर मोजमाप झालं. खूण उरली नाही तर झालं नाही.

मग निसर्गात योगायोगच आहे म्हणायचं? आत काही लपलेलं नसेल कशावरून?

माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये नियम मांडला: तरंगफलनाच्या (कणाच्या अवस्थेचं गणिती वर्णन) परिमाणाचा वर्ग केला की ते उत्तर मिळण्याची शक्यता कळते. एका कणाचं काय होईल हे त्यातून कळत नाही. लाखो कणांचं काय होईल हे अगदी बिनचूक कळतं. हा नियमही लोकांनी तपासून पाहिला आहे. उर्बसी सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पुढं येणाऱ्या प्रयोगातल्या दोन फटींऐवजी तीन फटी घेऊन, वर्ग करण्याच्या नियमात कुठं उणीव आहे का, हे प्रकाशावर मोजलं. तशी सापडली नाही. सिन्हा पुढं बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत काम करू लागल्या.

आत काहीतरी लपलेलं आहे का, याला जॉन बेल यांनी १९६४ मध्ये गणिताची कसोटी दिली. जोडीनं निघालेले दोन कण दूर नेऊन वेगवेगळ्या दिशांनी मोजायचे आणि उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याची एक संख्या काढायची. उत्तरं आधीच ठरलेली असतील आणि एकीकडच्या मोजमापाचा परिणाम दुसरीकडे पोचत नसेल, तर ती संख्या २ च्या वर जाऊ शकत नाही. क्वांटम सिद्धांत ती सुमारे २.८३ पर्यंत जाऊ देतो. क्लाउझर आणि फ्रीडमन (१९७२), मग आस्पे (१९८२), आणि शेवटी २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला, १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रॉनांवर सगळ्या मुख्य पळवाटा बंद करून हे मोजलं गेलं. डेल्फ्टला २.४२ आलं. आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल या कामासाठी मिळालं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डेव्हिड बोम यांची १९५२ ची मांडणी कणाला कायम ठाम जागा देते आणि तरीही तीच उत्तरं काढते. पण तिला दूरच्या कणांचा एकमेकांवर तत्काळ प्रभाव मानावा लागतो. म्हणजे बेल यांनी साधी, शेजारच्याच गोष्टीवर अवलंबून असणारी लपलेली उत्तरं बाद केली.

दोन फटींचा प्रयोग खरंच झालाय की पुस्तकातलाच आहे?

झाला आहे, अनेकदा. दोन फटींतून आलेले तरंग एकमेकांत मिसळले की पडद्यावर पट्टे उमटतात. प्रकाशावर थॉमस यंग यांनी १८०० च्या सुमारास हा परिणाम दाखवला. इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो हे डेव्हिसन आणि जर्मर यांनी १९२७ मध्ये निकेलच्या स्फटिकावर दाखवलं. खऱ्याखुऱ्या फटींतून इलेक्ट्रॉन सोडले ते क्लाउस यॉनसन यांनी, १९६१ मध्ये. इटलीत बोलोन्याला १९७० च्या दशकात, आणि जपानमध्ये अकिरा तोनोमुरा यांच्या गटानं १९८९ मध्ये, फटींऐवजी विद्युतभारित बारीक तारेच्या दोन बाजूंनी इलेक्ट्रॉन एकेक करून पाठवले.

तोनोमुरांच्या प्रयोगाच्या चित्रमालिका उपलब्ध आहेत, त्या जरूर पाहा. आधी पडद्यावर कुठंही पडल्यासारखे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका पूर्ण, अर्धा इलेक्ट्रॉन कधी येत नाही. शेकडो झाले तरी काही कळत नाही. हजारो झाले की उभे पट्टे वर येऊ लागतात. यंत्रात एका वेळी दुसरा इलेक्ट्रॉन जवळपास कधीच नव्हता, तेव्हा ते एकमेकांना ढकलत होते असंही म्हणता येत नाही.

मग इलेक्ट्रॉन दोन्ही फटींतून जातो म्हणायचं की काय ओ, सर?

त्याची अवस्था दोन्ही फटींतून जाते. ‘इलेक्ट्रॉन कुठून गेला’ या प्रश्नाला उत्तर तेव्हाच मिळतं, जेव्हा वाटेची नोंद करणारं काही तिथं असतं. आणि तशी नोंद झाली की पट्टे जातात.

पट्टे जाण्याचं कारण ‘पाहताना इलेक्ट्रॉनला धक्का बसतो’ असं बहुतेक ठिकाणी सांगतात. ते पुरेसं नाही. जर्मनीत गेरहार्ड रेम्पे यांच्या गटानं १९९८ मध्ये रुबिडियमच्या अणूंवर हे तपासलं. अणू दोन वाटांनी जाणार, आणि कोणत्या वाटेनं गेला याची खूण त्याच्याच आतल्या अवस्थेवर सूक्ष्मतरंगांनी उमटवलेली. त्या तरंगांचा धक्का पट्टे पुसायला कितीतरी अपुरा होता. तरी पट्टे गेले. खूण उमटणंच पुरेसं ठरलं.

कुणीतरी माणसानं पाहिल्याशिवाय मोजमाप होत नाही, असं प्रवचनात ऐकलं. खरं आहे का?

नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण या एका गैरसमजानं कितीतरी हुशार मुलांचा विषय धुक्यात गेला आहे.

व्हिएन्नात मार्कुस आर्न्ट आणि आंतोन झायलिंगर यांच्या गटानं १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या रेणूचे तरंगपट्टे दाखवले. पुढं २००४ मध्ये त्याच प्रयोगशाळेत ७० कार्बनच्या रेणूंना लेसरनं तापवत नेलं. तापलेला रेणू उडता उडता उष्णतेचे फोटॉन टाकतो, आणि तो कुठं होता याची खूण त्या फोटॉनांत राहते. तापमान वाढलं तसतसे पट्टे पुसट होत गेले आणि शेवटी नाहीसे झाले. ते फोटॉन कुणी गोळा केले नव्हते, कुणी वाचले नव्हते. ते पोकळीच्या भिंतीत जिरून गेले. तरी मोजमापाचा परिणाम पूर्ण झाला होता.

अध्यात्म ज्याला हवं त्यानं जरूर करावं, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण क्वांटम भौतिकी त्याच्या बाजूनं साक्ष देत नाही.

अनिश्चितता म्हणजे आपली उपकरणं कमी पडतात असंच ना?

नाही. हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकाचं काल्पनिक उदाहरण दिलं: जागा नेमकी पाहायला आखूड तरंगाचा प्रकाश हवा, आणि तो कणाला जोरात ढकलतो. हे उदाहरण इतकं गाजलं की त्यामागचं मुख्य विधान झाकलं गेलं. त्याच वर्षी अर्ल केनार्ड यांनी सिद्ध केलेलं विधान अवस्थेबद्दल आहे: जागेतला पसारा गुणिले संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग) पसारा, हा गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाला ४π नं भागून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी होऊच शकत नाही. एकसारख्या तयार केलेल्या लाख कणांपैकी अर्ध्यांची फक्त जागा मोजा, उरलेल्यांचा फक्त संवेग मोजा. कुठलाही कण दोनदा मोजला नाही, तरी दोन्हींतला पसारा हा नियम पाळतो.

याचं मूळ तरंगात आहे, आणि आपल्या भागात ते सांगणं सोपं जातं. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, गाण्याचा कान इथं घरोघरी आहे. तानपुऱ्याची तार बराच वेळ निनादते म्हणून तिचा सूर नेमका ओळखता येतो, पण तो ‘केव्हा’ वाजला याला एक क्षण नाही. टाळीचा क्षण अगदी नेमका असतो, पण टाळी षड्जात वाजली की पंचमात हे सांगता येत नाही. कान कितीही तयार असला तरी टाळीला सूर मिळणार नाही, कारण तो तिच्यात नाहीच. इलेक्ट्रॉनच्या अवस्थेचं गणित हेच आहे: जागा एका टोकाला, संवेग दुसऱ्या.

‘मोजताना होणारा बिघाड’ हा वेगळा, खराच प्रश्न आहे. मासानाओ ओझावा यांनी २००३ मध्ये त्याचं सुधारलेलं सूत्र दिलं. २०१२ मध्ये व्हिएन्नात न्यूट्रॉनांवर तपासलं, तेव्हा दिसलं की हायझेनबर्गच्या उदाहरणावरून लोक जी मर्यादा धरून चालले होते तिच्याहून कमी बिघाडात मोजता येतं. केनार्ड यांच्या विधानाला मात्र धक्का लागलेला नाही.

उद्यमबागेत (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) आमचे वडील मायक्रोमीटरनं जॉब (यंत्रावर घडवलेले भाग) तपासतात. तिथं ही अनिश्चितता का आड येत नाही?

हिशेब करून पाहू. १ किलोचं कास्टिंग (ओतीव भाग) घ्या आणि त्याची जागा १ मायक्रॉनपर्यंत माहीत आहे असं समजा. नियमानं त्याच्या वेगात उरणारी कमीतकमी अनिश्चितता सेकंदाला सुमारे ५ भागिले १० चा २९ वा घात इतके मीटर. विश्वाच्या वयाइतका, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षं, हा वेग चालू राहिला तरी कास्टिंग एका अणूच्या रुंदीइतकंही सरकणार नाही.

तोच हिशेब इलेक्ट्रॉनवर करा. त्याला एका अणूच्या रुंदीत, मीटरच्या हजार कोटीव्या भागात, कोंडलं तर वेगातली अनिश्चितता सेकंदाला ५८० किलोमीटरच्या आसपास येते. वस्तुमानानं भागायचं आहे, सगळा फरक तिथं पडतो. दुसऱ्या पीयूसीच्या गणितात हे दहा मिनिटांत होतं. स्वतः करा.

अवस्था तरंगासारखी पसरते, तर क्लाउड चेंबरमध्ये सरळ रेषा कशी उमटते?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न, आणि तो फार कमी जण विचारतात. किरणोत्सारी अणूतून अल्फा कण निघतो तेव्हा त्याचा तरंग सगळ्या दिशांना सारखा, गोलाकार पसरतो. मग थेंब सगळीकडे विखरून उमटायला हवेत. उमटते ती एक सरळ रेघ.

नेव्हिल मॉट यांनी १९२९ मध्ये याचं उत्तर दिलं. त्यांनी अल्फा कणाचा तरंग एकटा घेतलाच नाही. अल्फा कण आणि चेंबरमधले अणू यांची मिळून एकच अवस्था लिहिली, आणि विचारलं: दोन अणूंचे इलेक्ट्रॉन उडण्याची शक्यता किती? गणितातून आलं की ते दोन अणू आणि उगमाचा बिंदू एका रेषेत असतील तरच ती शक्यता जाणवण्याइतकी असते. रेघ कोणत्या दिशेला उमटेल हे ठरलेलं नाही, कुठंही उमटेल. पण पहिला थेंब झाला की पुढचे त्याच रेषेत येतात. कण आधीपासून सरळ वाटेनं चालला होता असं मानायची गरजच पडत नाही.

निपाणीच्या तंबाखूत किरणोत्सार असतो म्हणतात. तो कसा मोजतात?

निपाणीच्याच नाही, तंबाखूच्या पानात सगळीकडेच पोलोनियम-२१० अत्यल्प असतो. हे १९६४ पासून माहीत आहे. तो अल्फा कण टाकतो, आणि अल्फा हवेत चार सेंटिमीटरही जात नाही, साध्या कागदानंही अडतो. त्यामुळे पोत्यावर गायगर काउंटर धरून काही कळणार नाही. पान आम्लात विरघळवतात, पोलोनियम चांदीच्या चकतीवर बसवतात आणि ती सिलिकॉनच्या संवेदकासमोर पोकळीत ठेवतात. ५.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जागी शिखर आलं की तो पोलोनियम-२१०.

कर्नाटकात असं मोठं मोजमाप कुठं झालंय का?

कोलारच्या सोन्याच्या खाणीत. वैश्विक किरणांमुळे हवेत न्यूट्रिनो नावाचे विद्युतभार नसलेले कण तयार होतात, पण न्यूट्रिनो जवळपास कशालाच अडत नाही, त्यामुळे स्वतःची रेघ सोडत नाही. तो क्वचित एखाद्या अणुकेंद्राला धडकला तर म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) निघतो, आणि म्युऑनची नोंद होते. अडचण अशी की आकाशातून थेट येणारे म्युऑनही भरपूर. ते गाळायला वर दोन किलोमीटरहून जास्त खडक हवा. टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधलं ओसाका आणि इंग्लंडमधलं डरहॅम यांच्या गटानं खाणीत तेवढ्या खोलवर चकाकी देणारं प्लास्टिक आणि निऑन भरलेल्या नळ्या मांडल्या, आणि १९६५ मध्ये वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या पहिल्या नोंदी मिळवल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइनस यांच्या गटालाही त्या मिळाल्या. आपल्या राज्याच्या इतिहासात ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

क्लाउड चेंबर घरी किंवा कॉलेजात करता येतं का?

येतं, आणि करावंच. काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची पेटी, तळाला काळा रंगवलेला धातूचा पत्रा, वरच्या बाजूला आतून चिकटवलेली नमद्याची पट्टी. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओली करायची, पेटी कडेनं हवाबंद करायची आणि पत्रा ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) ठेवायचा. ड्राय आइसचं तापमान उणे ७८ अंश. वरून उतरणारी अल्कोहोलची वाफ तळाशी अतिथंड होते आणि तिथं काही मिलिमीटरचा संवेदनशील थर तयार होतो. खोलीत अंधार करा, टॉर्च बाजूनं आडवा धरा. थर जमायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, तोवर पेटी हलवू नका.

लांब, बारीक, सरळ रेषा दिसल्या तर त्या बहुधा म्युऑनच्या. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. आखूड, जाड रेघ अल्फाची, बऱ्याचदा हवेतल्या रेडॉनमुळे येणारी. वाकडीतिकडी, अडखळत गेलेली रेघ मंद इलेक्ट्रॉनची. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेवर बाहेरून दव धरतं आणि काही दिसत नाही, म्हणून दिवाळीनंतरचे कोरडे महिने बरे.

ड्राय आइस उघड्या हातानं धरू नका, जाड हातमोजे हवेत. तो बंद बाटलीत कधीही ठेवू नका, ती फुटते. खिडक्या उघड्या ठेवा, कारण कार्बन डायऑक्साइड खोलीत साचतो. अल्कोहोल पेट घेतं, जवळ ज्योत नको. हायस्कूलच्या मुलांनी शिक्षक सोबत असल्याशिवाय करू नये.

सतत मोजत राहिलं तर कण बदलतच नाही, हे खरं?

बऱ्याच अंशी. केरळमध्ये जन्मलेले ई. सी. जी. सुदर्शन आणि वैद्यनाथ मिश्रा यांनी १९७७ मध्ये हे मांडलं. वाइनलँड यांच्या प्रयोगशाळेत १९९० मध्ये कोंडलेल्या बेरिलियम आयनांवर ते दिसलं: मधेमधे जितक्या जास्त वेळा मोजलं, तितके कमी आयन दुसऱ्या अवस्थेत गेले.

मांजर खरंच जिवंत आणि मेलेली, दोन्ही असते का?

बंद पेटीत एक मांजर, आणि किरणोत्सारी अणू फुटला तरच सुटणारं विष: श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये हे उदाहरण ‘असं मानणं विचित्र ठरेल’ हे दाखवायला दिलं होतं. मांजराला दर क्षणाला हवेचे असंख्य रेणू आणि फोटॉन थडकत असतात, आणि प्रत्येक जण तिच्या अवस्थेची खूण घेऊन जातो. तापलेल्या कार्बन रेणूचं जे झालं तेच, फक्त कल्पनेपलीकडच्या वेगानं. डीटर झे आणि वोयचेख झुरेक यांनी १९७० नंतर याचं गणित उभं केलं. दोन अवस्थांमधले तरंगपट्टे का दिसत नाहीत, याचं उत्तर त्यातून मिळतं.

मात्र दोन शक्यतांमधली नेमकी एकच का घडते, हे त्या गणितातून निघत नाही. एव्हरेट (१९५७) म्हणतात दोन्ही घडतात, बोम म्हणतात कणाची जागा आधीच ठरलेली, काही जण श्रोडिंगरचं समीकरणच (अवस्था काळाबरोबर कशी बदलते ते सांगणारं) किंचित बदलतात. भौतिकशास्त्रज्ञांत यावर एकमत नाही. मला स्वतःला समीकरण बदलणाऱ्यांचा मार्ग जास्त भावतो, कारण तो प्रयोगानं खोटा ठरू शकतो.

आपल्या जवळपास रोज होणारं क्वांटम मोजमाप कोणतं?

शहरातल्या इस्पितळातला एमआरआय. १.५ टेस्लाच्या यंत्रात शरीरातल्या पाण्यातले प्रोटॉन ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास प्रतिसाद देतात. क्षेत्राच्या दिशेनं तोंड असलेले आणि उलटे, यांच्यातला फरक दहा लाखांत साधारण पाच. एवढ्या फरकावर सगळं चित्र उभं राहतं.

‘क्वांटम’ लॉकेट घातलं की शरीराची ऊर्जा सुधारते, असं विकणारे सांगतात. घ्यावं का?

घेऊ नये. त्याचा या शास्त्राशी काही संबंध नाही, आणि काही वेळा ते घातक असतं. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये अशा काही लॉकेट-ब्रेसलेटमध्ये किरणोत्सार मोजला आणि ती वापरू नका, असं लोकांना सांगितलं. दिवसरात्र अंगाला लागून राहणाऱ्या वस्तूत हे असावं, ही गंभीर गोष्ट आहे. घरात कुणी घेतलं असेल तर त्यांच्याशी शांतपणे बोला, विशेषतः लहान मुलाच्या गळ्यात असेल तर.

मराठी माध्यमातून आलो आहे. यात पुढं जायचं तर काय करावं?

इंग्रजीची भीती पहिल्या सहा महिन्यांत जाते, गणिताची कसर मात्र राहून जाते. त्यामुळे पीयूसीच्या दोन वर्षांत संमिश्र संख्या, सदिश, मॅट्रिक्स आणि संभाव्यता ही चार प्रकरणं परीक्षेपुरती करू नका. स्टर्न-गेरलाखची वरची सगळी मालिका दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सनं सुटते, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातात सगळी साधनं आधीच असतात. बारावीनंतर पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था या दोन्ही बेळगावहून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. आयसरची प्रवेशपरीक्षा वेगळी असते, तिचा अर्ज नीटच्या गडबडीत राहून जातो, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवा. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन आणि मापनाचं केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे, क्वांटम संगणनाचं बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेकडे. ज्यांना उपकरणं बांधण्यात रस आहे त्यांनी अभियांत्रिकीतून गेलं तरी चालतं. एकेक फोटॉन मोजणाऱ्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्स, निर्वात तंत्र आणि अतिशीत तंत्र जाणणारे हात भौतिकशास्त्रज्ञांइतकेच लागतात.